आई, हे बाबांना मोठ्याने वाचून दाखव

प्रिय आई, बाबा,

अक्षर मुद्दाम मोठं ठेवलंय. ते आई तुझ्या चष्म्यासाठी, बाबांसाठी नाही, कारण त्यांना आता कितीही मोठं केलं तरी शब्दाचा मधलाच भाग गायब होतो हे मला कळतंय. म्हणून तूच वाच. सावकाश वाच, आणि तुला न आवडणारं गाळायचं नाही. तू गाळतेस. दादा हॉस्टेलला होता तेव्हा त्याची पत्रं वाचताना 'बाकी सगळं ठीक' म्हणून निम्मं पान खाऊन टाकायचीस, आठवतंय ना?

फोनवर हे सगळं बोलताच येत नाही. बाबा 'हं, बरं आहे, घे, आईशी बोल' म्हणतात आणि संपलं. आणि शनिवारी मी यायच्या आधी हे तुमच्या कानावर पडायला हवं म्हणून लिहितेय.

तर १९९१. माझा बारावीचा निकाल लागला आणि मी सांगितलं की एक वर्ष कॉलेजला जाणार नाही, अंध मुलांसाठी पुस्तकं वाचून रेकॉर्ड करणार. बाबा तीन दिवस बोललेच नाहीत, चौथ्या दिवशी बोलले ते एवढंच की फुकटची कामं करायला अख्खं आयुष्य पडलंय. मला तेव्हा इतका राग आला होता ना. आणि परवा धाकटी म्हणाली की तिलाही बारावीनंतर एक वर्ष थांबायचंय, तर माझ्या तोंडून पहिलं वाक्य काय निघालं असेल? तेच. शब्दसुद्धा तेच. मग मी उगाच स्वयंपाकघरात जाऊन भांडी आवरत बसले.

पण बाबा, बोलायचं बंद होतं तेव्हाच तुम्ही तो टेपरेकॉर्डर काढलात हे मी विसरलेले नाही. हेड मळलं होतं, आवाज पाण्याखालून आल्यासारखा यायचा, तुम्ही काडीला कापूस गुंडाळून, स्पिरिट लावून ते पुसून ठेवलंत आणि माझ्या टेबलावर ठेवून निघून गेलात, एक शब्द नाही. नंतर तर टेप अडकली की मी गपचूप कॅसेट तुमच्यासमोर ठेवायची आणि तुम्ही पेन्सिल घालून फिरवत बसायचात, पेपर वाचता वाचता.

लोकांना वाटतं वाचून दाखवणं म्हणजे काय मोठं. साठ मिनिटांची कॅसेट, म्हणजे एका बाजूला तीस मिनिटं, त्यात धडा मध्येच तुटणार नाही असं बसवायचं. पंखा बंद, कारण त्याची घरघर येते. पान उलटायचं ते आवाज न करता. आकृती आली की ती शब्दांत सांगायची, आणि ते तर भलतंच अवघड, हृदयाचे चार कप्पे बोटाने दाखवल्याशिवाय सांगून बघा कुणाला! नाटकी वाचायचं नाही, ऐकणाऱ्याला अभ्यास करायचाय, आपला अभिनय बघायचा नाही. बाजू संपली की सांगायचं, 'ही बाजू संपली, कॅसेट उलटी करा.' नाहीतर ऐकणारा बिचारा कोरी टेप ऐकत बसतो.

आणि पंखा बंद केला तरी बाबांचा खोकला कसा बंद करणार! भूगोलाच्या सगळ्या कॅसेटमध्ये तो आहे. मान्सून वाऱ्यांच्या धड्यात तर दोनदा, आणि एकदा पलीकडच्या खोलीतून 'माझा चष्मा कुणी उचलला' असंही स्पष्ट ऐकू येतं. मी पुन्हा रेकॉर्ड करणार होते, पण मुलं म्हणाली राहू दे. केंद्रावर गेले की विचारायची, ताई, बाबांचा खोकला बरा झाला का? चष्मा सापडला का? तुम्हाला कधी न भेटलेली दहा-पंधरा मुलं तुमची चौकशी करायची बाबा, आणि हे मी तुम्हाला कधी सांगितलंच नाही कारण तेव्हा मी रुसलेली होते. आता सांगतेय. बराच उशीर झाला.

ब्रेलही शिकले त्या वर्षी. सहा टिंबांचा सगळा खेळ, त्यातून त्रेसष्ट आकार. पाटीवर सळईने उजवीकडून डावीकडे टोचत जायचं, कारण उठाव कागदाच्या दुसऱ्या बाजूला येतो आणि कागद उलटा केला की डावीकडून वाचता येतं. लुई ब्रेलने हे १८२४ मध्ये रचलं तेव्हा तो पंधरा वर्षांचा होता. मी अठराची असून मला बोटांनी कधीच नीट जमलं नाही, मी डोळ्यांनी बघून ब्रेल वाचते, म्हणजे पोहणं पुस्तकातून शिकल्यासारखं.

मग कॉलेज सुरू झालं तरी अंध मुलांच्या परीक्षेला लेखनिक म्हणून जायला लागले. पहिलाच पेपर इतिहासाचा. मुलाने फ्रेंच राज्यक्रांतीचं साल १७९८ सांगितलं. माझं पेन थांबलं. खरं १७८९ आहे हे मला माहीत होतं, पण लेखनिकाने सांगेल तेच लिहायचं असतं, बरोबर असो की चूक. पेन थांबल्याचं त्याला ऐकू आलं, म्हणाला, ताई, चुकलं का? आणि मला काहीच बोलता येईना. शेवटी १७९८ लिहिलं. घरी येऊन रडले होते, आई तुला वाटलं माझाच पेपर वाईट गेला. खरं सांगू, पुढे लग्न, दोन पोरं, नोकरी, सासूबाईंचं आजारपण, या सगळ्यात मला जर काही उपयोगी पडलं असेल तर ते हेच, की समोरचा सांगतोय ते आधी सांगतोय तसं ऐकून घ्यायचं. अर्थात नेहमी नाही जमलं. मोठीला विचार, ती यादी काढून देईल.

आता आई, तुझा भाग. गाळू नकोस.

पोरं लहान असताना पाच वर्षं मी काम सोडलं होतं आणि पुन्हा सुरू केलं ते फक्त तुझ्यामुळे. दर शनिवारी दोघांना तुझ्याकडे टाकून जायचे. तू कधी नाही म्हणाली नाहीस, पण एकदा दारात म्हणालीस, 'परक्यांना तासन् तास वाचून दाखवतेस, माझ्याशी धड दहा मिनिटं बसत नाहीस.' मी हसण्यावारी नेलं. आणि मग तुझं ऑपरेशन, त्याच दिवशी मी एका मुलीची लेखनिक होते, बदली मिळेना, तिचं वर्ष गेलं असतं, मी पेपर संपवून धावत आले तोवर तुला आत नेलं होतं. तू शुद्धीवर आल्यावर विचारलंस, 'कसा गेला पेपर?' मला आजही कळत नाही की ते मायेने विचारलं होतंस की टोमणा होता. इतक्या वर्षांत विचारायचं धाडस झालं नाही. शनिवारी सांग. टोमणा असेल तरी चालेल.

आणि आता जे सांगायला बसलेय ते.

बाबा, मागच्या वेळी आले होते तेव्हा पॅसेजमधून येताना तुम्ही मध्येच पाय उचलून कशावरून तरी ओलांडल्यासारखं केलंत. तिथे काहीच नव्हतं. मी बघितलं आणि तुम्हालाही कळलं की मी बघितलं, तुम्ही म्हणालात 'काही नाही, पाय आखडला'. आणि आई सांगत होती की परवा हे खिडकीकडे बघून हसले आणि मग एकदम गप्प झाले, मला तर काळजीच वाटते.

१९९६ ची गोष्ट आहे. केंद्रावर एक आजोबा यायचे, म्हातारपणी नजर गेलेली, मी त्यांना रोजचा पेपर वाचून दाखवायचे. एक दिवस त्यांनी माझा हात धरला आणि हळूच म्हणाले, कुणाला सांगू नकोस, मला जिन्यावर छोटी छोटी माणसं दिसतात, रंगीत कपडे घातलेली, ती काही बोलत नाहीत, नुसती बसून असतात. घरी सांगितलं तर वेडा म्हणतील. आणि मी काय केलं? घाबरले. 'बरं, पुढची बातमी ऐका' म्हणाले. त्यांनी परत कधी तो विषय काढला नाही.

कितीतरी वर्षांनी डोळ्यांच्या एका डॉक्टरांचं व्याख्यान ऐकलं तेव्हा कळलं की याला नाव आहे, चार्ल्स बॉनेट सिंड्रोम. बॉनेट नावाच्या स्विस माणसाने १७६० मध्ये आपल्या आजोबांबद्दल लिहून ठेवलंय, त्यांची नजर अधू झाली होती आणि त्यांना माणसं, पक्षी, गाड्या, इमारती दिसायच्या, डोकं मात्र एकदम शाबूत. होतं असं की डोळ्याकडून मेंदूला पुरेसं येत नाही, मग मेंदू रिकामी जागा स्वतःच भरतो. पानं, नक्षी, चेहरे, कुंपण, काहीही. आवाज नसतो, नुसतं चित्र. वेड नाही. विसरभोळेपणाची सुरुवातही नाही. तुमच्यासारखा पडद्याचा मधला भाग, तो मॅक्युला, खराब झालेल्या लोकांना तर हे बऱ्यापैकी होतं, फक्त कुणी बोलत नाही. लाइट लावला, किंवा नजर इकडून तिकडे भराभर फिरवली, की कधी कधी जातं, आणि बऱ्याच जणांना काळ जाईल तसं कमी होतं. तरी डॉक्टरांना सांगायचंच, कारण भास दुसऱ्या कारणांनीही होऊ शकतात आणि ते त्यांनी तपासायला हवं.

कदाचित माझा अंदाज साफ चुकीचा असेल आणि पाय खरंच आखडला असेल. पण नसेल तर मला सांगा बाबा. काय दिसतं ते जसं दिसतं तसं सांगा. मी पुढची बातमी वाचणार नाही.

आता थोडं कामाचं, हे आईसाठी जास्त. त्यांना दंडाला धरून ढकलू नकोस, तू ढकलतेस, त्यांना तुझं कोपर धरू दे आणि तू अर्धं पाऊल पुढे चाल, तुझ्या अंगावरूनच त्यांना वळण कळतं. पायरी आली की नुसतं 'पायरी' नाही, चढायची की उतरायची ते सांग. 'तिकडे ठेवलंय' म्हणजे कुठे? घड्याळ धर, पाणी तीन वाजता, गोळ्या नऊ वाजता. आणि खोलीतून उठून जाताना सांगून जा, तू गेल्यावरही ते बोलत राहतात आणि मग चिडतात ते उगाच नाही.

बाबा, समोरच्याचा चेहरा दिसत नसेल तर सरळ त्याच्याकडे न बघता जरा बाजूला बघायचा सराव करा, कानाकडे किंवा खांद्याकडे, कडेची नजर शाबूत आहे ती वापरायची. सुरुवातीला मान दुखते, लोकांना वाटतं तुम्ही दुर्लक्ष करताय. वाटू दे. तो चौकटींचा कागद एकेका डोळ्याने रोज बघताय ना, रेषा एकदम वाकड्या दिसायला लागल्या तर त्याच दिवशी डॉक्टर, शनिवारची वाट बघायची नाही, कारण पडद्याचा हा आजार कोरड्या प्रकाराचा ओला झाला, म्हणजे पडद्याखाली रक्त-पाणी झिरपायला लागलं, तर इंजेक्शनं वेळेत लागतात. मीही माझे डोळे तपासून आलेय, हे घराण्यात फिरतं. अजून तरी रेषा सरळ आहेत.

फोनमध्ये टॉकबॅक, म्हणजे स्क्रीनवरचं मोठ्याने वाचून दाखवणारी सोय, चालू करून देते. ती बाई फार भराभर बोलते म्हणून तुम्ही मागच्या वेळी बंद केलंत, तिचा वेग कमी करता येतो. शिवाय तिला खोकला नाही, त्यामुळे तुम्हाला परकी वाटेल थोडी.

हो, आणि एक. माळ्यावरच्या खोक्यात मान्सूनवाली कॅसेट सापडली. मोठीने तिचं सगळं मोबाइलवर उतरवून घेतलंय, टेपचा खरखराट आहे पण तुम्ही चष्मा शोधताय ते अगदी लख्ख ऐकू येतं. शनिवारी घेऊन येते.

आई, घसा कोरडा पडला असेल, पाणी पी. आणि त्यांना सांग, ही बाजू संपली.

तुमची,
ताई
(दादा लहानपणी म्हणायचा म्हणून सगळेच म्हणायला लागलात, आणि तो माझ्याहून मोठा आहे!)