मालिका चांगली, पण बैठक का मोडते?

मा. संपादक,

‘पूर्वी एक मालिका लागली की सगळे एकत्र बसायचे, आता ज्याचा त्याचा पडदा वेगळा’ हे रडगाणे वारंवार कानावर येते आणि दोष मोबाइलला दिला जातो. तो अर्धाच खरा. आवडत्या मालिकेसाठी माणसे आजही जमतात. पहिल्या भागाला दहा-बारा जण हौसेने येतात आणि तिसऱ्याला चार उरतात. ही गळती बहुतेक वेळा अगदी क्षुल्लक, टाळता येण्याजोग्या कारणांनी लागते, म्हणून हे पत्र.

पहिले कारण आवाज. लोक मोठ्या पडद्याचा विचार करतात, पण माणसे कंटाळतात ती संवाद कळत नाहीत म्हणून. ‘काय म्हणाला तो?’ असे एकाने विचारले की विचारणारा आणि सांगणारा, दोघांचाही पुढचा संवाद बुडतो. पातळ टीव्हीचे स्पीकर खाली किंवा मागे तोंड करून असतात. आवाज भिंतीवर आपटून येतो आणि व्यंजने पुसट होतात. शिवाय बऱ्याच मालिकांचा आवाज ‘फाइव्ह पॉइंट वन’ (पाच स्पीकर आणि खर्जाचा एक) पद्धतीचा असतो. त्यात संवादांना मधला स्वतंत्र स्पीकर गृहीत धरलेला असतो. तो आवाज टीव्हीच्या दोन स्पीकरांत कोंबला की पार्श्वसंगीत संवादांच्या उरावर बसते. आवाज वाढवावा तर कुजबुज कळते, पण पुढच्या क्षणी स्फोटाने सगळे दचकतात. अशा वेळी ॲपमध्ये ऑडिओ ‘स्टीरिओ’ (दोन स्पीकरांचा) निवडावा आणि टीव्हीच्या सेटिंगमध्ये ‘नाइट मोड’ (मोठ्या-लहान आवाजांतला फरक कमी करणारा) किंवा संवाद ठळक करणारा पर्याय चालू करावा.

बाहेरचा स्पीकर जोडायचा तर तारेने जोडावा. ब्लूटूथवर आवाज १५०-२०० मिलिसेकंद सहज मागे पडतो. काही टीव्ही चित्रही तेवढेच मागे ओढतात, सगळे नाही. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या शिफारशीत दिलेली मर्यादा अशी: आवाज साधारण १२५ मिलिसेकंद मागे पडला की ओठ आणि शब्द यांचा मेळ बिघडल्याचे जाणवते, पण तो पुढे धावला तर ४५ मिलिसेकंदच पुरतात. साहजिक आहे. वीज आधी दिसते, गडगडाट नंतर. उलटे आपण कधी पाहिलेलेच नाही.

सबटायटल्स सगळ्यांसाठी चालू ठेवावीत, कमी ऐकू येणाऱ्याला ती मागायला लावू नये. मात्र शेवटच्या खुर्चीवरून ती वाचता यायला हवीत. ढोबळ हिशेब म्हणजे पडद्याच्या उंचीच्या सहा पट अंतर. ५५ इंची टीव्हीची उंची सुमारे ६८ सेंटिमीटर, म्हणजे शेवटची खुर्ची चार मीटरच्या आत.

चित्राबद्दल दोनच गोष्टी. हालचाल गुळगुळीत करणारे सेटिंग बंद करावे, कारण सेकंदाला २४ चित्रांच्या मालिकेत टीव्ही मनाने अधली-मधली चित्रे घुसडतो आणि सगळे हौशी नाटकाच्या चित्रफितीसारखे दिसते. दुसरी गोष्ट उजेडाची. ‘गेम ऑफ थ्रोन्स’चा रात्रीच्या लढाईचा भाग एप्रिल २०१९ मध्ये आला, तेव्हा ‘काही दिसतच नाही’ अशी जगभर ओरड झाली होती. गडद दृश्यांत इंटरनेटवरून येणारे, डेटा वाचवण्यासाठी दाबलेले चित्र आधीच कच खाते, त्यात समोरचा दिवा काचेवर चमकला की संपलेच. दिवा हवाच असेल तर टीव्हीच्या मागे ठेवावा.

वेगवेगळ्या गावांत बसून फोनवर बोलत एकत्र बघणाऱ्यांची अडचण निराळी असते. ‘तीन, दोन, एक’ म्हणून बटण दाबणे पुरत नाही. सगळ्यांनी एकाच चित्रावर, म्हणजे सुरुवातीची नामावली नाहीशी होते त्या क्षणावर, थांबून मग सुरू करावे. जाहिराती प्रत्येकाकडे सारख्या लांबीच्या नसतात, म्हणून दर जाहिरातीनंतर पुन्हा जुळवावे. एकाकडे जुनी ‘पाल’ (भारत-युरोपातल्या जुन्या टीव्हीच्या) पद्धतीची डीव्हीडी आणि दुसऱ्याकडे ॲप असेल तर जुळणी टिकणारच नाही. २४ चित्रांचे चित्रीकरण त्या डीव्हीडीवर बहुधा २५ च्या वेगाने चालते, त्यामुळे ४५ मिनिटांचा भाग ४३ मिनिटे १२ सेकंदांत संपतो. आणि हेडफोन हवेतच, नाहीतर टीव्हीचा आवाज माइकमधून फिरून परत येतो.

एवढे सगळे जमवूनही मुख्य चूक शेवटी होते. भाग संपतो, कोपऱ्यात उलटी गिनती सुरू होते आणि पुढचा भाग चालू! माणसे तोंड उघडतात ती नेमकी श्रेयनामावली सरकत असताना. म्हणून पुढचा भाग आपोआप सुरू करणारे सेटिंग आधीच बंद करावे. ४५ मिनिटांच्या भागाला वीस मिनिटे गप्पांची धरावीत. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ रॉबिन डनबार आणि सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये दाखवले की मोकळ्या गप्पांचा एक घोळका साधारण चार जणांपर्यंतच टिकतो, पाचवा आला की त्याचे दोन होतात. तेव्हा बारा जणांकडून एकच चर्चा करवून घेण्याचा हट्ट नको. खुर्च्या रांगेत न मांडता कमानीत मांडल्या की घोळके आपसूक पडतात.

सगळे भाग एका रात्रीत संपवायचा मोह मात्र आवरावा. १ फेब्रुवारी २०१३ रोजी नेटफ्लिक्सने ‘हाउस ऑफ कार्ड्‌स’चे १३ भाग एकदम आणले आणि ती प्रथा रुळली. सोय झाली खरी, पण एक जण चौथ्या भागावर आणि दुसरा अकराव्यावर असला की दोघांनाही गप्प बसावे लागते. आठवड्याला एक, फार तर दोन भाग ठरवावेत आणि जो सर्वांत मागे आहे त्याचा भाग हीच बोलण्याची हद्द मानावी. ज्याचा भाग चुकला त्याला आधीची गोष्ट एकानेच सांगावी. तिघे सांगायला लागले की तीन वेगळ्या मालिका ऐकू येतात.

आपला,
एक वाचक