फोन नाही, लाइन नाही, तरी मोडेम

प्रिय अविनाश,

सप्रेम नमस्कार. जुनं यंत्र न शोधता मोडेम (बिटांचे सूर करून फोनच्या तारेतून पाठवणारं यंत्र) आतून कसा चालतो ते बघायचंय, असं तू लिहिलंस. त्यासाठी कमाल मोस्तफा यांनी सी भाषेत लिहिलेला मिनीमोडेम, म्हणजे मोडेमचं काम करणारा प्रोग्राम, घे. डेबियन-उबुंटू या लिनक्समध्ये तो तयार मिळतो, पण तू सोर्सवरूनच, म्हणजे मूळ कोडवरून, बांध. नंतर कोडमध्ये हात घालायचा तर तेच बरं. खालच्या कमांड मी देवनागरीत लिहिल्यात, टर्मिनलवर अर्थातच रोमनमध्ये टाइप कर.

आधी साहित्य: जीसीसी, मेक, ऑटोकॉन्फ, ऑटोमेक, पीकेजी-कॉन्फिग आणि चार लायब्ररींची डेव्ह पॅकेजेस (बांधणीला लागणाऱ्या फाइली), म्हणजे एफएफटीडब्ल्यू-३, लिबसाउंडफाइल, आल्सा आणि पल्सऑडिओ. गिटवरून सोर्स उतरवलास की त्यात कॉन्फिगरची स्क्रिप्ट नसते. आधी ‘ऑटोरीकॉन्फ डॅश आय’, मग कॉन्फिगर, मेक, मेक चेक (चाचण्या) आणि शेवटी सुडो मेक इन्स्टॉल, असा क्रम.

अडकतं ते दोनच ठिकाणी. पीकेजी-कॉन्फिग नसताना ऑटोरीकॉन्फ केलंस तर कॉन्फिगर मध्येच सिंटॅक्स एररवर कोसळतं. ती ओळ वाचून स्क्रिप्टच बिघडलीय असं वाटतं, पण दोष नसलेल्या पॅकेजचा असतो. ते टाकून ऑटोरीकॉन्फ पुन्हा चालवायचं. दुसरं, एफएफटीडब्ल्यू स्वतः बांधलास तर त्याला ‘इनेबल फ्लोट’ द्यायला विसरू नकोस. मिनीमोडेमला सिंगल प्रिसिजनची (कमी अंकांच्या अचूकतेची) आवृत्ती लागते, साधी असून चालत नाही. मेक चेक मात्र टाळू नकोस, पुढे काही बिघडलं तर निदान बांधणीवर संशय राहत नाही.

आता मुद्द्याचं. स्पीकर-माइकला सुरुवातीला हातही लावू नकोस, सगळं फाइलीतच कर. पाठवायला ‘मिनीमोडेम डॅश डॅश टीएक्स डॅश एफ शुद्ध.वेव्ह १२००’ आणि मजकूर पाइपने (दुसऱ्या कमांडमधून) आत. ऐकायला तेच, फक्त टीएक्सच्या जागी आरएक्स. पडद्यावर आधी ‘कॅरियर’ची ओळ येईल, मग मजकूर, मग ‘नोकॅरियर’च्या ओळीत कॉन्फिडन्स (सिग्नल किती खात्रीने ओळखला) आणि प्रत्यक्ष वेग. हा कॉन्फिडन्सचा आकडा प्रत्येक वेळी वहीत टिपून ठेव.

१२०० (सेकंदाला इतके बिट) म्हणजे बेल २०२ या जुन्या मोडेमची पद्धत: १ साठी १२०० हर्ट्झचा सूर, ० साठी २२०० चा. ३०० दिलंस की बेल १०३: अनुक्रमे १२७० आणि १०७०. प्रत्येक बाइटच्या आधी एक ० (स्टार्ट बिट), शेवटी एक १ (स्टॉप बिट), आणि मधले आठ बिट उलटे, म्हणजे सर्वांत लहान किमतीचा बिट आधी. एका बाइटला दहा बिट लागतात, म्हणून १२०० ला सेकंदाला १२० बाइट.

‘नमस्कार’ पाठवून बघ. यूटीएफ-८ मध्ये (अक्षरं बाइटांत लिहिण्याची पद्धत) त्याचे सात कोडपॉइंट, म्हणजे चिन्हं, प्रत्येकी तीन बाइट, मिळून २१. आणि गंमत अशी की देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाचा पहिला बाइट एकच, २२४. तो उलटा मांडला की पाच शून्यं, तीन एक. स्टार्ट-स्टॉप धरून सहा शून्यं आणि चार एक: ५ मिलिसेकंद उंच सूर, मग ३.३ मिलिसेकंद खालचा. ऑडॅसिटी या आवाजाच्या प्रोग्रामात वेव्ह फाइल उघडून झूम कर, दर २५ मिलिसेकंदांनी ही जोडी परत परत दिसेल. सेकंदाला ४८००० सँपलच्या (आवाजाच्या नोंदींच्या) फाइलीत एका बिटाला बरोबर ४० सँपल येतात, मोजूनही बघता येतात.

हे जमलं की लाइन खराब करायची. त्यासाठी सॉक्स, आवाजाच्या फाइलींवर काम करणारी कमांड. पांढरा गोंगाट बनवून ‘सॉक्स डॅश एम’ने मूळ फाइलीत मिसळ, गोंगाटाची पातळी ०.०२ पासून हळूहळू चढव. आधी एखाद-दुसरं अक्षर बिघडेल, मग शांततेतही कचरा उमटायला लागेल, कारण ऐकणारा गोंगाटालाच स्टार्ट बिट समजतो. तेव्हा मिनीमोडेमच्या ‘डॅश सी’ची (किमान कॉन्फिडन्सची) मर्यादा, जी मुळात १.५ असते, ती २-३ पर्यंत वाढव. कचरा कमी होतो, पण क्षीण सिग्नलही हातचा जातो. मग सॉक्सचा ‘सिंक ३००-३४००’ हा फिल्टर लावून टेलिफोनचा पट्टा दे. दोन्ही वेग निभतात. तोच पट्टा २००० वर कापलास तर २२०० चा सूर जवळपास पुसला जातो आणि १२०० ची पंचाईत होते, ३०० ला मात्र काही फरक पडत नाही. एका वेळी एकच गोष्ट बिघडव, नाहीतर दोष कशाचा ते कळायचं नाही.

एक लक्षात ठेव, यात चूक दुरुस्त करणारं काहीच नाही. एक बाइट गेला तर साध्या मजकुरात एखादं चिन्ह चौकोनी होतं आणि पुढचं परत सावरतं. जीझिपने दाबून लहान केलेल्या फाइलीत मात्र तोच बाइट पुढचं सगळं घेऊन बुडतो. म्हणून पाठव साधं आणि मूळ फाइलीशी ‘सीएमपी’ या तुलनेच्या कमांडने ताडून बघ. आणि मिनीमोडेमचा ‘प्रिंट फिल्टर’ चालू करू नकोस, देवनागरीच्या जागी नुसते टिंब येतील.

हवेतून पाठवशील तेव्हा ३०० नेच सुरुवात कर. साउंड कार्ड उशिरा जागं होतं, म्हणून पुढे दोन-तीन फालतू ओळी जोड. माइकचं नॉइज सप्रेशन बंद कर. एकसुरी आवाज म्हणजे पंखा, असं त्याचं गणित असतं आणि तुझा सगळा मजकूर तो पंख्याबरोबर पुसतो. खोलीत घुमत असेल तर माइक स्पीकरपासून वीतभरावर आण. हवाच नको असेल तर पॅवूकंट्रोल (पल्सऑडिओचा आवाज-नियंत्रक) उघड आणि आरएक्स चालू असताना त्याचं रेकॉर्डिंग ‘मॉनिटर’वर, म्हणजे स्पीकरला जाणाऱ्या आवाजावर, वळव.

कॉन्फिडन्सचे आकडे कळव, विशेषतः गोंगाट ०.१ वर असतानाचे.

तुझा,
श्रीकांत