काका, त्या एका पितळी बोल्टाबद्दल

काका, नमस्कार.

शुक्रवारी दुकानात आले तेव्हाच सगळं बोलायचं ठरवून आले होते, पण तुम्ही पंचा बाजूला केला, तुम्ही रंग काढून साफ केलेला अण्णांचा ड्रम समोर आला आणि मला काही बोलताच येईना. पैसे दिले, रिक्षात बसले आणि दांडेकर पुलापर्यंत नुसती रडत होते. म्हणून आता लिहितेय. तुमचा नातू वाचून दाखवेल. आणि सगळ्यांसमोर लिहितेय कारण माझ्यासारखे बरेच जण असतील, ज्यांच्या माळ्यावर वडिलांचं नाहीतर आजोबांचं वाद्य पडलंय आणि ज्यांना कुणीतरी "भंगार आहे हो ते" असं सांगून वाटेला लावलंय.

अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, हा साईड ड्रम जुनाच घेतला होता, १९७४ साली, मुंबईहून. प्रीमियर, इंग्लंडचा. ही कंपनी १९२२ साली लंडनमध्ये सुरू झाली, युद्धात बॉम्ब पडल्यावर लेस्टरकडे गेली, हे अण्णा आम्हाला लहानपणी रामायणातली गोष्ट सांगावी तसं सांगायचे. बँडमध्ये चौतीस वर्षं वाजवला त्यांनी तो, लग्नं, गणपती, शिवजयंती, कुणाकुणाच्या अंत्ययात्रासुद्धा. आता पावसात भिजणार, घामाने खराब होणार, म्हणून बँडचे मालक दरवर्षी तुळशीच्या लग्नाआधी सगळ्या ड्रमच्या कड्यांना, बोल्टांना, लगांना (बोल्ट ज्यांत फिरतात त्या ड्रमच्या अंगावरच्या ठोकळ्यांना) ऑइलपेंट मारून घ्यायचे. आधी चंदेरी, मग सोनेरी, परत चंदेरी, एका वर्षी युनिफॉर्म लाल झाला तर कडीपण लाल. अण्णांना ते अजिबात आवडायचं नाही. "आत क्रोम आहे रे, आरशासारखं," म्हणायचे. पण पगार मालकाचा, त्यामुळे बोलायची सोय नव्हती. ते गेले तेव्हा ड्रम घरी आला आणि माझ्या डोक्यात एकच गोष्ट बसली की तो आरसा मला बघायचाय.

तुमच्याकडे यायच्या आधी मी तीन ठिकाणी गेले होते हे तुम्हाला माहितीये, पण काय काय झालं ते सगळं मी तेव्हा सांगितलं नव्हतं. पहिल्या प्लेटिंगवाल्याकडे मी फक्त विचारायला गेले होते, नमुना म्हणून एक लग काढून नेला होता. मी भाव विचारतेय, खर्च विचारतेय, तेवढ्यात त्याने पोराला सांगितलं आणि पोराने तो लग सरळ ॲसिडात सोडला. मला न विचारता! फसफसून वर आला तो. रंग तर गेलाच, क्रोम पण गेलं आणि खालचं जस्ताचं ओतकाम माशांनी टोचून खाल्ल्यासारखं खड्डे खड्डे झालं. वर मलाच म्हणतो, "ताई माल हलका होता." दुसऱ्याने ड्रिलला तारेचा ब्रश लावला आणि "दोन मिनिटं" म्हणत वरच्या कड्यावर चार बोटं लांब ओरखडे काढले, मी ओरडले म्हणून थांबला. तिसरं वाद्यांचं मोठं दुकान होतं, एसीवालं, तिथे तर ड्रमकडे नीट बघितलंसुद्धा नाही, पाच-सहा हजारांत नवीन येतो घेऊन टाका. मी बाई म्हणून मला यातलं कळत नाही असं तिघांनीही आधीच धरलं होतं. यातल्या कुणावर मला केस नाही करायची, पण राग अजून गेलेला नाही, खोटं कशाला बोलू.

मग तांबट आळीत एकांनी तुमचं दुकान दाखवलं.

तुम्ही काय केलंत पहिल्यांदा? तुमचा स्वतःचा धुतलेला पंचा खाली अंथरलात आणि त्यावर ड्रम ठेवलात. मग खिशातून लोहचुंबक काढलंत. कड्याला चिकटलं, लगाला नाही चिकटलं. "कडं पोलादी, हे जस्त. म्हणजे कॉस्टिक सोडा नको आणि ॲसिड तर नकोच." खड्डे पडलेला लग हातात घेऊन बराच वेळ बघत राहिलात आणि सांगितलंत, "हा माझ्याच्याने परत होणार नाही, खोटं सांगत नाही." पहिल्यांदा कुणीतरी मला नाही म्हटलं आणि मला बरं वाटलं.

बफिंगची मोटर मागे चालू होती ती तुम्ही बंद केलीत. इतका सोपा उपाय असेल असं मला वाटलं नव्हतं काका. नुसतं कढत पाणी, त्यात थोडा भांडी घासायचा साबण, उकळी नाही, वाफ निघेल एवढंच. क्रोम इतकं गुळगुळीत असतं की रंगाला धरायला जागाच नसते, तो फक्त वरून बसलेला असतो, गरम झाला की मऊ पडतो, धातू वेगळा फुगतो, रंग वेगळा फुगतो आणि मध्ये पाणी शिरतं. दोन तासांनी तुम्ही एक लग बाहेर काढलात आणि अंगठ्याच्या नखाने, काका, नखाने तो रंग सोललात, मोसंबीची साल निघावी तशी ती लाल-सोनेरी-चंदेरी चिवट कातडी निघत गेली आणि खालून निळसर पांढरं क्रोम दिसलं. त्यात तुमचं नख दिसत होतं मला. कोपऱ्यातलं तुम्ही बांबूची कामटी तासून काढलंत, लोखंडी हत्याराला हातसुद्धा लावला नाहीत. कड्यावर गंजाचे ठिपके होते तिथे सिगारेटच्या पाकिटातली चांदी पाण्यात बुडवून हळूहळू फिरवत बसलात. आणि ते पातेलं परत स्वयंपाकात घ्यायचं नाही, रंग कोरडा घासायचा नाही, हे मला दोनदा बजावलंत, कारण जुन्या ऑइलपेंटमध्ये शिसं असायचं. रंगात शिसं ९० पीपीएमच्या, म्हणजे दहा लाख भागांत ९० भागांच्या, वर नको हा नियम लागू झाला तो २०१७ च्या नोव्हेंबरात, आमचे हे रंग त्याच्या कितीतरी आधीचे. ब्रशवाल्याच्या दुकानात ती धूळ त्याच्या आणि त्या पोराच्या नाकात गेली असणार, हे आठवून आता मला त्यांच्यासाठी पण वाईट वाटतं.

पण हे पत्र मी त्यासाठी लिहीत नाहीये. मी लिहितेय त्या फोनसाठी.

बुधवारी सकाळी आठला तुमचा फोन आला. मी डबे भरत होते, मला वाटलं काहीतरी बिघडलं. तुम्ही म्हणालात, "ताई, वरच्या आठ बोल्टांतला एक कंपनीचा नाही. रंगाखाली पितळ निघालंय. डोकं कानशीने घासून चौकोनी केलंय, चावी बसावी म्हणून. हाताचं काम आहे, चांगलं काम आहे. तुमच्या वडिलांनी केलं असेल. याला क्रोम मारून बाकीच्यांसारखा करू, का असाच ठेवू? तुम्ही सांगाल तसं."

एवढंच. एक मिनिटाचा फोन. पण काका, मला एकदम ते दिसलं. मी तेव्हा चौथी-पाचवीत असेन, रात्री अण्णा कंदिलाशेजारी बसून काहीतरी घासतायत, खाली वर्तमानपत्र आणि त्यावर पिवळा भुगा, आई म्हणतेय झोपा आता, उद्या वरात आहे, आणि अण्णा म्हणतायत एक बोल्ट कमी असला तर पान (ड्रमवर ताणलेला पडदा) एका बाजूला ढिलं वाजतं. मी ते पार विसरले होते. तुम्ही विचारलं नसतंत तर तो बोल्ट पांढरा होऊन आला असता, मला छान वाटलं असतं, मी तुमचे आभार मानले असते आणि मला कधीच कळलं नसतं की काय गेलं.

तुम्ही विचारलंत. बाकी कुणी विचारलं नाही. एकाने ॲसिडात टाकायच्या आधी विचारलं नाही, एकाने ब्रश लावायच्या आधी विचारलं नाही. तुम्ही रंगाखाली माझ्या बापाचा हात ओळखलात आणि तो पुसायच्या आधी त्याच्या मुलीला विचारलंत. हे कुठल्या कोर्समध्ये शिकवत असतील असं मला वाटत नाही. माझ्या ऑफिसात, दवाखान्यात, बँकेत मी दिवसभर माणसं बघते, ज्यांना काम येतं, हुशार असतात, पण समोरच्याची वस्तू ही समोरच्याची आहे हे त्यांच्या लक्षातच येत नाही. तुमच्या त्या सहा बाय आठच्या गाळ्यात मला जेवढा मान मिळाला तेवढा मला गेल्या कित्येक वर्षांत कुठे मिळाला नव्हता, आणि तो माझा नव्हता, अण्णांचा होता, म्हणून जास्त लागला मनाला.

तुम्ही प्रत्येक बोल्टाला दोरा बांधून नंबर घातला होतात, म्हणून पितळी बोल्ट त्याच्याच भोकात परत बसला, बॅजच्या उजवीकडे दुसरा. खड्डे पडलेला लग मांडीला टेकतो त्या बाजूला लावलात, दिसू नये म्हणून. ते पण तुम्ही सांगितलं नाहीत, घरी आल्यावर माझ्या लक्षात आलं. आत्याचा मुलगा काल आला होता, त्याने चावी फिरवून पान ताणलं आणि एक रोल वाजवला तर शेजारच्या आजी दार उघडून बाहेर आल्या, त्यांना वाटलं अण्णाच.

खंडेनवमीला ड्रम पूजेला मांडणार आहे. दरवर्षी अण्णा कड्याला झेंडूची माळ बांधायचे, या वर्षी मी बांधेन, पण पितळी बोल्ट झाकला जाणार नाही अशी. तुम्ही आणि काकू यायचंय. सकाळी दहापर्यंत या, पुरणपोळी आहे, आणि ते लोहचुंबक घेऊन या, माझ्या मुलाला बघायचंय.

तुमची,
बँडवाल्या अण्णांची मुलगी