दाखल्यांच्या पीडीएफसाठी नवा सर्व्हर घेण्याआधी

संपादक महोदय,

प्रवेशाची फेरी असो, परीक्षेचे प्रवेशपत्र असो की पीक विम्याची पावती, शेवटची तारीख जवळ आली की ‘सर्व्हर डाउन, नागरिक हैराण’ ही बातमी ठरलेली. त्यावरचा खुलासाही ठरलेला : सर्व्हरची क्षमता वाढवण्यात येईल. पण नीट पाहिले तर अशा वेळी संकेतस्थळ बहुधा उघडते, लॉगिन होते, अर्जही भरला जातो. गाडी अडते ती ‘डाउनलोड’ किंवा ‘प्रिंट’चे बटण दाबल्यावर. म्हणजे अर्ज घेणारा भाग चालू असतो आणि कागद तयार करून देणारा भाग तुंबलेला असतो. हा कागद, म्हणजे पीडीएफ, बनवणारी इंजिने (त्यासाठीचे प्रोग्राम) कशी लावली आहेत हे तपासल्याशिवाय नव्या यंत्रांवर जनतेचा पैसा खर्च करू नये, एवढ्यासाठी हे पत्र.

अर्जातली माहिती साठवायला काही मिलिसेकंद पुरतात. पीडीएफ बनवताना मात्र मजकूर मांडणीत बसवायचा, फॉन्ट जोडायचा, फोटो आणि क्यूआर कोड चिकटवायचा, हे सगळे प्रोसेसरचे काम असते आणि एक कोअर (प्रोसेसरचा स्वतंत्र काम करणारा भाग) एका क्षणी एकच कागद बनवतो. एका पानाला 0.4 सेकंद लागत असतील तर 8 कोअरचे यंत्र सेकंदाला 20 आणि तासाला 72,000 कागद देईल. त्यापुढे ते जाणार नाही. दहावीला राज्यात दरवर्षी 15 लाखांच्या आसपास विद्यार्थी बसतात. तेवढे कागद याच वेगाने बनवायचे तर एका यंत्राला जवळपास 21 तास हवेत. हे 21 तास शेवटच्या दिवशी दुपारी कुठून आणणार? पण प्रवेशपत्राचा मजकूर यादी पक्की झाल्यावर बदलत नाही. मग विद्यार्थ्याने बटण दाबल्यावर ते बनवायला घ्यायचे कशाला? आदल्या दोन रात्रींत सगळे बनवून ठेवावे. एका फाइलचे 80 केबी धरले तरी एकूण 120 जीबी होतात, म्हणजे साध्या डिस्कवर मावतील. तयार फाइल नुसती पाठवण्याचे काम कोणतेही साधे यंत्र गर्दीतही पेलते.

जे कागद मागणीनुसारच बनवावे लागतात, उदाहरणार्थ आज झालेल्या फेरफारासह सातबारा, त्यांच्यासाठी इंजिनांची संख्या ठरवावी लागते. इथे हमखास होणारी चूक म्हणजे गर्दी वाढली की इंजिने वाढवणे. 8 कोअरच्या यंत्रावर 40 इंजिने लावली तर प्रत्येक कागद पाचपट सावकाश बनतो, मेमरी संपते, यंत्र मेमरीऐवजी डिस्कवरची संथ जागा (स्वॅप) वापरू लागते आणि शेवटी लिनक्स ही कार्यप्रणाली स्वतःच एखादी प्रक्रिया (चालू प्रोग्राम) मारून टाकते. तिच्यातला अर्धवट कागद गेला, की तो माणूस पुन्हा बटण दाबतो. जितके कोअर त्यापेक्षा एकदोन कमी इंजिने, हा हिशोब सुरुवातीला धरावा. मग मेमरी बघावी, आणि ती सरासरी कागदावरून नव्हे तर सर्वांत मोठ्या कागदावरून. सामाईक खात्यात पन्नास-साठ नावे असलेला सातबारा एका पानाचा राहत नाही. असा कागद बनताना इंजिन 1.5 जीबी घेत असेल आणि यंत्रात 8 जीबी असतील, तर कार्यप्रणालीचे 2 जीबी वगळून चारच इंजिने लावता येतात, मग कोअर आठ का असेनात.

प्रत्येक इंजिनाच्या खोडी वेगळ्या असतात. लिबरऑफिस हा ऑफिस प्रोग्राम पडद्याविना चालवून वर्डच्या नमुन्यावरून दाखले काढण्याची पद्धत सर्रास आहे. त्याची एक प्रक्रिया एका वेळी एकच कागद हाताळते. दुसरी प्रक्रिया त्याच प्रोफाइल फोल्डरवर (सेटिंग्ज ठेवण्याच्या जागेवर) सुरू केली तर ती स्वतंत्र चालतच नाही, काम पहिलीच्याच गळ्यात पडते. म्हणून प्रत्येक प्रक्रियेला वेगळे प्रोफाइल फोल्डर आणि वेगळा पोर्ट (जोडणीचा क्रमांक) द्यायला हवा. दर कागदाला लिबरऑफिस नव्याने सुरू करणे तर निव्वळ वेळेची नासाडी, कारण कागदापेक्षा सुरू व्हायलाच जास्त वेळ जातो. जॉडकन्व्हर्टरसारखे साधन या प्रक्रिया चालू ठेवते आणि सेटिंग न बदलल्यास 200 कागदांनंतर प्रक्रिया आपोआप नव्याने सुरू करते. हे चांगलेच आहे, कारण वापरासोबत तिची मेमरी फुगत जाते. मात्र त्यात एका कागदासाठी 120 सेकंदांची मुदत आधीपासून घातलेली असते. एका पानाच्या दाखल्याला ती फार झाली. एखादी बिघडलेली फाइल आली की एक इंजिन दोन मिनिटे अडकते, आणि अशा चार फाइल आल्या की चारही इंजिने ठप्प. तिथे 15 ते 20 सेकंद पुरेत.

वेबपानावरून पीडीएफ काढण्यासाठी क्रोम वापरत असाल आणि ते डॉकरमध्ये, म्हणजे प्रोग्राम वेगळ्या बंदिस्त कप्प्यात (कंटेनरमध्ये) चालवणाऱ्या साधनात असेल, तर क्रोमचे भाग मिळून वापरतात त्या सामाईक मेमरीची मूळ मर्यादा फक्त 64 एमबी असते. मोठ्या पानाला क्रोम त्यामुळेच कोसळते आणि दोष मात्र नेटवर्कला दिला जातो. ही मर्यादा 1 जीबीपर्यंत वाढवावी, किंवा क्रोमला ती जागा न वापरण्याचा पर्याय द्यावा. याच कामाच्या जुन्या डब्ल्यूकेएचटीएमएलटूपीडीएफ या साधनावर अजून जे विसंबून आहेत त्यांनी ते बदलावे. त्याचा विकास थांबून 2023 मध्ये प्रकल्प संग्रहात गेला आहे. जावा भाषेतल्या जॅस्पर या अहवाल-साधनात नमुना एकदाच कंपाइल करून (यंत्राला थेट वापरता येईल असा बनवून) ठेवावा, दर कागदाला नको. आणि जावाला कंटेनरमध्ये काही सांगितले नाही तर ती उपलब्ध मेमरीचा चौथा हिस्साच हीपसाठी, म्हणजे आपल्या कामाच्या जागेसाठी, घेते. 4 जीबी दिलेल्या कंटेनरमध्ये जेमतेम 1 जीबी वापरात येतो आणि अहवाल ‘आउट ऑफ मेमरी’ म्हणून पडतो. कंटेनरमध्ये फक्त जावाच चालत असेल तर हे प्रमाण 70 टक्क्यांपर्यंत न्यावे. जुन्या कार्यालयांत अजून चालणाऱ्या ओरॅकल रिपोर्ट्स या अहवाल-साधनात कमाल इंजिनांची संख्या न बदलल्यास एकच राहते. असे यंत्र कितीही मोठे घेतले तरी कागद एकामागून एकच निघणार.

आता मराठीच्या माणसाला सर्वांत जवळचा मुद्दा. देवनागरी नुसते अक्षराला अक्षर जोडून उमटत नाही. पहिली वेलांटी व्यंजनाच्या नंतर साठवलेली असते पण छापताना आधी यायला हवी, जोडाक्षरांची चित्रे वेगळी असतात, रफार पुढच्या अक्षराच्या डोक्यावर चढतो. जुनी पीडीएफ साधने, विशेषतः जॅस्परच्या अनेक आवृत्त्यांसोबत येणारे आयटेक्स्ट 2.1.7, हे करतच नाहीत. मग ‘शिंदे’ची वेलांटी भलत्या जागी जाते, ‘क्षीरसागर’मधला क्ष फुटतो, ‘कुऱ्हाडे’ तर ओळखूच येत नाही. यावर उपाय म्हणून काही ठिकाणी सगळा दाखला चित्र करून पीडीएफमध्ये डकवतात. तो दिसतो बरोबर, पण 60-80 केबीची फाइल एकदोन एमबीवर जाते, इंजिनाचे काम वाढते, नाव शोधता किंवा कॉपी करता येत नाही आणि अंध व्यक्तीचे स्क्रीनरीडर त्या कागदापुढे मुके होते. या चलाखीला आमचा स्पष्ट विरोध आहे. अक्षरजोडणी करणारे इंजिनच निवडावे : क्रोम आणि लिबरऑफिस दोन्ही हार्फबझ हे अक्षरजोडणीचे साधन वापरतात आणि मराठी नीट मांडतात, अपाचे एफओपी या पीडीएफ इंजिनातही 1.1 आवृत्तीपासून ही सोय आहे.

फॉन्टबाबत आणखी दोन गोष्टी. कंटेनरच्या मूळ प्रतिमेत (ज्या साच्यावरून तो उभा राहतो त्यात) देवनागरी फॉन्ट बहुधा नसतो, त्यामुळे नावांच्या जागी रिकामे चौकोन येतात. नोटो किंवा लोहित हा फॉन्ट ती प्रतिमा तयार करतानाच बसवावा आणि फॉन्टची कॅशही (तयार यादी) तेव्हाच बनवून ठेवावी. ती लिहिण्याची परवानगी नसेल तर प्रत्येक प्रक्रिया सुरू होताना सगळे फॉन्ट फोल्डर पुन्हा चाळते आणि पहिला कागद उगाच रखडतो. दुसरे, फॉन्ट अख्खा न जोडता वापरलेल्या अक्षरांपुरताच जोडला जातो ना, हे पीडीएफफॉन्ट्स या साधनाच्या ‘सब’ रकान्यात दिसते. अख्खा फॉन्ट 200 केबीचा असेल तर 15 लाख कागदांत 300 जीबी नुसता फॉन्टच भरतो.

चित्रांचे थोडक्यात. पारदर्शक पीएनजी बोधचिन्ह इंजिनाला उलगडून पुन्हा दाबावे लागते, साधा जेपेग जसाच्या तसा आत जातो. उमेदवाराचा फोटो 3.5 बाय 4.5 सेंटिमीटरचा छापायचा तर 300 डीपीआयला (इंचाला 300 ठिपके) 413 बाय 531 पिक्सेल पुरतात. मोबाइलचा 4 एमबीचा फोटो अर्ज घेतानाच लहान करावा, दर छपाईला नव्हे.

डिजिटल सही ही वेगळी पायरी, वेगळ्या रांगेत ठेवावी. सहीची किल्ली असलेल्या यूएसबी टोकनवर सह्या एकामागून एकच होतात, आणि सहीची वेळ नोंदवणाऱ्या कालमुद्रेसाठी बाहेरच्या सर्व्हरला विचारावे लागते. तो रेंगाळला की पीडीएफ इंजिन रिकामेच ताटकळते. सहीनंतर फाइल आकसायला गेले तर सही अवैध ठरते, म्हणून आकार कमी करायचा तो आधी.

आणि रांग. एनजिनएक्स, म्हणजे विनंत्या आत पोहोचवणारा वेब सर्व्हर, सेटिंग न बदलल्यास 60 सेकंद उत्तराची वाट पाहते आणि मग चूक दाखवते. नागरिक पान रिफ्रेश करतो. मागचे काम आत चालूच असते, वर नवे येऊन बसते. एका माणसाचे पाच अर्धवट कागद, असे हजारोंचे झाले की यंत्र कुणालाच काही देत नाही. पिठाच्या गिरणीत जाती दोन असतील तर डबे ओळीने ठेवतात, सगळे एकदम जात्यात ओतत नाहीत. बटण दाबताच विनंती रांगेत घालून लगेच ‘आपला क्रमांक अमुक, कागद तयार होत आहे’ असे उत्तर द्यावे. अर्ज क्रमांक आणि मजकुराची आवृत्ती मिळून एक खूण ठेवावी, म्हणजे त्याच माणसाने दहा वेळा दाबले तरी काम एकदाच होते आणि तयार फाइल पुन्हा मिळते. रांग फार लांबली तर नवी विनंती तिथेच नाकारून थोड्या वेळाने यायला सांगावे. लटकवून ठेवण्यापेक्षा हे बरे.

चाचणी बहुतेक ठिकाणी इंग्रजीतल्या चार अक्षरी नावाने आणि फोटोशिवाय होते, म्हणून ती नेहमी उत्तीर्ण होते. चाचणीत सर्वांत लांब नावे, जोडाक्षरे, साठ खातेदारांचा सातबारा आणि खराब फोटो घालावेत. यंत्र तासभर पूर्ण भाराखाली ठेवावे, कारण मेमरीची गळती पहिल्या दहा मिनिटांत दिसत नाही. निविदेत बहुधा सर्व्हर किती टक्के वेळ चालू राहील एवढीच अट असते. त्यासोबत हेही लिहून घ्यावे : शेवटच्या तासाच्या अपेक्षित गर्दीत शंभरातले 95 कागद 10 सेकंदांत मिळतील, उरलेल्यांना रांगेतला क्रमांक दिसेल, आणि इंजिनांची संख्या, प्रत्येकाची मेमरी, मुदत व किती कागदांनंतर ते नव्याने सुरू होते, या चार आकड्यांची नोंद कंत्राटदार कार्यालयाच्या ताब्यात देईल.

आपले,
दस्तऐवज-प्रणालींची देखभाल करणारे दोन अभियंते, पुणे