सिस्टर, त्या शर्टाबद्दल आणि बाकी सगळ्याबद्दल

सिस्टर, नमस्कार.

समोर बसून आभार मानायला लागलं की तुम्ही "चहा टाकते" म्हणून उठून जाता. म्हणून हे पत्र, आणि तेही सगळ्यांना वाचता येईल असं. सोसायटीच्या मीटिंगमध्ये मी जे बोलले, तेही सगळ्यांसमोरच बोलले होते ना.

वॉचमनच्या आईच्या डोळ्यांसाठी तुम्ही वर्गणीचा विषय काढलात, आणि मी म्हणाले, "आपल्याकडे गरीब म्हातारे कमी आहेत का, की पैसे नेपाळला धाडायचे?" तुम्ही वर्गणीची वही मिटून पर्समध्ये टाकलीत आणि लिफ्टच्या दुरुस्तीचा विषय सुरू झाला. भांडला असतात तर बरं झालं असतं. मला वाटलं, जिंकले.

आपला वॉचमन नेपाळमधल्या अछामचा. आठ वर्षं आपण सगळे त्याला 'बहादूर' म्हणतो. त्याचं खरं नाव मला या निमित्ताने कळलं, याची लाज वाटते. गावी आई एकटी, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पार पिकलेला. वृद्ध भत्ता महिन्याला ४,००० नेपाळी रुपये, म्हणजे आपले २,५००. (तिकडचे १६० म्हणजे आपले १००, हा भाव १९९३ पासून तसाच आहे.) त्यात खायचं काय आणि डोंगर उतरून डोळे दाखवायला जायचं कशानं?

हे गणित तुम्ही मला खालच्या बाकावर बसून समजावलंत. मी आपली ऑपरेशनचाच खर्च धरून बसले होते. तुम्ही म्हणालात, "अहो, लेन्स कधीच स्वस्त झाली. माणूस खाली आणणं महाग आहे." मदुराईच्या अरोलॅबने १९९२ पासून लेन्स इथेच बनवायला घेतल्या. काठमांडूच्या तिलगंगा या डोळ्यांच्या संस्थेत डॉ. सन्दुक रुइत यांनी तेच केलं, शिवाय बिनटाक्याचं ऑपरेशन गावोगावच्या शिबिरांत नेलं. हातखंडा डॉक्टरला एका डोळ्याला दहा मिनिटं पुरतात. पण त्या दहा मिनिटांसाठी जीपचं भाडं, सोबतीला कुणीतरी, आणि तपासणी, पट्टी सगळं धरून तीन-चार दिवसांचं राहणं-खाणं. तुम्ही पैसे दिलेत ते याचे, तेही स्वतःच्या पेन्शनमधून. "जीप करायचीच तर रिकामी कशाला," म्हणून त्याच गावातले आणखी चार म्हातारे तुम्ही तिच्यात बसवलेत. धनगढीजवळ गेट्याच्या डोळ्यांच्या हॉस्पिटलात पाचही जणांचा एकेक डोळा झाला.

आता शर्टाचं. पट्टी निघाल्यावर आई व्हिडिओ कॉलवर येणार होती. त्या दुपारी तो माझ्या दारात उभा. "आंटी, साहेबांचा एखादा शर्ट मिळेल?" आईला त्याने ऑफिसात नोकरी आहे असं सांगितलेलं, आणि आजवर तिला दिसत नव्हतं म्हणून ते निभावलं होतं. आमच्या ह्यांचा निळा चौकड्यांचा शर्ट मी कपाटातून काढून दिला. ते गेल्यापासून त्या कप्प्याला मी हात लावला नव्हता. टोपी काढून, केस ओले करून तो मीटरबॉक्सपाशी उभा राहिला. पलीकडे काळा चष्मा लावलेली म्हातारी. तिने चष्मा कपाळावर सरकवला, फोन नाकाशी नेला, बराच वेळ बघितलं आणि काहीतरी विचारलं. त्याने मान खाली घातली नि हसायला लागला. "विचारते, शर्ट कुणाचा? खांदे उतरलेत म्हणते."

सिस्टर, माझा डोळा जानेवारीत झाला. रिक्षाने पंधरा मिनिटं, मुलगा सोबत, दुपारी घरी येऊन वरण-भात. तरी महिनाभर मी ड्रॉप्सच्या वेळांवरून तुमचं डोकं खाल्लं, आणि दिवसातून चार वेळा वर येऊन ते घातलेत तुम्हीच. आता सकाळी पेपर हातात घेते तर छोट्या जाहिरातीसुद्धा वाचता येतात. निधनवार्ताही. आपलं नाव त्यात नाही एवढं बघते आणि चहा ओतते.

तुमचे आभार कोणत्या डोळ्यासाठी मानू, माझ्या की तिच्या, ते तुम्हीच ठरवा.

शर्ट धुऊन, इस्त्री करून परत आला होता. मी त्यालाच ठेवायला सांगितला, पण खांदे आत घ्यायला शिंप्याकडे टाकलाय.

आईचा दुसरा डोळा दिवाळीनंतर करायचाय असं तो म्हणाला. पुढच्या मीटिंगला ती वही घेऊन या. विषय मी मांडते, लिफ्टच्या आधी.

तुमची,
दुसऱ्या मजल्यावरची काकू
मुलुंड पूर्व, मुंबई