'कोणाला दिला' इतकेच नको, 'कुठून आला' हेही विचारा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

ताप-खोकल्याची साथ आली की रुग्णाला पहिला प्रश्न विचारला जातो, "तुमच्या संपर्कात कोण कोण आलं?" प्रश्न बरोबर आहे, पण अपुरा. त्याने पुढची साखळी कळते, मूळ हाती लागत नाही.

हवेतून पसरणारा आजार प्रत्येकाकडून सारखा पसरत नाही. 2020 मध्ये तामिळनाडू व आंध्र प्रदेशातील कोविड संपर्कशोधाच्या नोंदी तपासल्या, तेव्हा सुमारे 71 टक्के रुग्णांच्या एकाही संपर्कात लागण आढळली नव्हती. समजा, 10 रुग्णांकडून 20 जणांना लागण झाली. प्रत्यक्षात बहुधा असे घडते: सात जणांकडून कोणालाच नाही, दोघांकडून तीन-तीन आणि एकाकडून 14. त्या 10 पैकी कोणा एकाचा माग काढला तर मोठा फैलाव सापडण्याची शक्यता दहात एक. नव्या 20 पैकी कोणा एकाला धरून मागे गेलात तर 20 पैकी 14 वेळा त्याच जागी पोहोचाल, आणि उरलेले 13 तिथेच सापडतील. जपानने कोविडच्या सुरुवातीला याच उलट्या शोधावर भर दिला होता. रुग्ण थोडे असतानाच हे जमते. रोज शेकड्याने येऊ लागले की आशाताईंना तेवढा वेळच उरत नाही.

विचारण्याची रीत महत्त्वाची. "कुठे गेला होता?" म्हटले की "कुठंच नाही" हेच उत्तर येते. म्हणून दिवस धरून विचारावे. फ्लू असेल तर ताप येण्याआधीचे 4 दिवस, कोविड असेल तर 14, गोवर असेल तर पुरळ उठण्याआधीचे 7 ते 21 दिवस. लग्नपत्रिका, बसचे तिकीट, मोबाइलमधले फोटो, फोनपेचे व्यवहार समोर ठेवले की आठवते: बाजाराच्या दिवशी दवाखाना, रविवारी मंगल कार्यालय. मग एवढेच विचारायचे, जागा बंद होती का, किती वेळ बसलात, गाणे किंवा मोठ्याने बोलणे चालू होते का.

कारण दोष बहुतेकदा माणसापेक्षा खोलीचा असतो. मार्च 2020 मध्ये अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यात अडीच तासांच्या समूहगायनाच्या सरावाला 61 जण होते. त्यांतले 53 आजारी पडले. आपल्याकडे खिडक्या लावून रंगणारे भजन याहून वेगळे नाही. ताशी दोनदाच हवा बदलणाऱ्या खोलीतील हवेत तरंगणारे 99 टक्के विषाणूचे कण जायला सुमारे 138 मिनिटे लागतात, सहा वेळा बदलली तर 46. दवाखान्याच्या 15 × 10 फूट, 10 फूट उंच प्रतीक्षा खोलीला ताशी सहा वेळा हवा बदलण्यासाठी मिनिटाला 150 घनफूट हवा बाहेर टाकणारा पंखा पुरतो, पण समोरची खिडकी उघडी हवी. ती बंद असेल तर पंखा नुसता फिरतो. छताचा पंखा तर तीच हवा घुसळतो. पुरळ-तापाचे मूल बाहेर व्हरांड्यात बसवून तपासावे. गोवराचा विषाणू खोलीत दोन तासांपर्यंत टिकतो.

'सुपरस्प्रेडर', म्हणजे एकट्यानेच अनेकांना लागण देणारा, म्हणून कोणाचे नाव व्हॉट्सअॅपवर फिरवणे थांबवलेच पाहिजे. त्या माणसाने काही चुकीचे केलेले नसते. चार दिवसांनी त्याच हॉलमध्ये गेला असता तर कदाचित कोणालाच लागण झाली नसती. आणि एकाची बदनामी झाली की पुढचे दहा जण लग्नाला गेलोच नव्हतो म्हणतात.

सीमाभागाची खरी अडचण पुढे आहे. निपाणीतल्या लग्नाला कागल, गडहिंग्लज, मिरजेहून पाहुणे येतात. परतल्यावर एक कोल्हापुरात तपासतो, दुसरा मिरजेत, तिसरा बेळगावात. प्रत्येक ठिकाणी एक-दोन रुग्ण दिसतात, लग्न कोणालाच दिसत नाही. दोन्ही राज्यांच्या आरोग्य खात्यांना आमची कळकळीची विनंती: निपाणी–कागल, बेळगाव–चंदगड, कागवाड–मिरज या शेजारी तालुक्यांच्या आरोग्य अधिकाऱ्यांनी साथीच्या काळात रोज संध्याकाळी फोनवर फक्त जागा आणि तारखा पडताळाव्यात. 'कुठून आला' हा रकाना कन्नड व मराठी दोन्हीत छापलेला एकच अर्ज दोन्हीकडे वापरावा. पावसाळी तापाचे दिवस सुरू होण्याआधी हे ठरले तर उपयोग होईल.

आपले,
साथरोग सर्वेक्षणात काम करणारे काही डॉक्टर व आरोग्य कर्मचारी,
बेळगाव