सभेत तक्रारवही उघडा

संपादक महोदय,

30 सप्टेंबरच्या आत वार्षिक सर्वसाधारण सभा उरकायची म्हणून ठाण्यातल्या सोसायट्यांत सध्या सभांची धांदल आहे. आमच्या वर्तकनगरच्या सोसायटीची सभा गेल्या रविवारी झाली. सव्वादोन तासांतला दीड तास फाटकाला कोणता रंग द्यायचा यात गेला. तपकिरी की राखाडी! पाण्याचा विषय निघेपर्यंत निम्मी मंडळी जेवायला निघून गेली होती.

मी वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात 31 वर्षं तपासणी खात्यात होतो. तिथे आम्हाला ‘पॅरेटो’ शिकवला होता. संपत्ती मूठभरांच्या हाती एकवटलेली असते, हे विल्फ्रेडो पॅरेटो या इटालियन अर्थशास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आकड्यांनी मांडलं. अमेरिकी गुणवत्तातज्ज्ञ जोसेफ जुरान यांनी तोच विचार कारखान्यात आणला. बहुतेक खराब माल दोन-तीन कारणांनीच निघतो, आधी ती धरा, असं त्यांचं म्हणणं. आमचे साहेब इतकं पाल्हाळ लावत नसत. ‘‘जास्त माल कुठे मरतोय तेवढं सांग,’’ म्हणायचे. मग शिफ्टभर आम्ही प्रत्येक खराब नगामागे त्याच्या कारणापुढे एक अशा रेघा ओढायचो, चार उभ्या आणि पाचवी आडवी.

सभेनंतर चिडून मी सेक्रेटरींकडून तक्रारवही घरी आणली आणि तशाच रेघा ओढल्या. एप्रिलपासून 58 तक्रारी. पार्किंग, कबुतरं, जिन्यातले चपलांचे स्टँड, सगळं आहे. पण 37 नोंदी एकट्या बी विंगच्या. कुणाच्या भिंतीला ओल, कुणाची पंपाच्या आवाजाने झोपमोड, कुणाला सकाळी पाणी नाही, कुणाचा प्रश्न की जिन्याचं वीजबिल वाढलं कसं. तारखा वेगळ्या, अक्षर वेगळं, म्हणून आजवर कुणी एकत्र वाचलंच नव्हतं. रात्री अकराला टॉर्च घेऊन गच्चीवर गेलो. टाकी भरली की पंप बंद करणारा तरंगता फ्लोट अडकून बसलेला. टाकी भरली तरी पंप थांबेना, पाणी भिंतीवरून खाली आणि सकाळपर्यंत खालची टाकी कोरडी. 37 तक्रारी, दुखणं एकच.

हे सौभाग्यवतींना मोठ्या ऐटीत सांगितलं. त्या म्हणाल्या, ‘‘सोसायटीच्या रेघा ओढल्यात, आता स्वतःच्या ओढा.’’ डॉक्टरांनी गुडघ्याचे व्यायाम रोज वीस मिनिटं सांगितलेत, ते चार महिने राहिलेत. ‘सुप्रभात’ची चित्रं तीन ग्रुपवर पाठवायचं मात्र एकदाही चुकलेलं नाही. ओढल्या रेघा. छापण्याजोग्या नाहीत.

फाटकाचा रंग फालतू आहे, असं मला म्हणायचं नाही. फाटक खरंच गंजलंय. खुद्द जुरान यांनीही उरलेल्या कारणांना आधी ‘क्षुल्लक’ म्हटलं होतं, पुढे तो शब्द बदलून ‘उपयुक्त’ केला. तक्रार फक्त क्रमाची आहे. रंगावर प्रत्येकाला मत असतं, फ्लोट बघायला गच्चीवर चढावं लागतं.

ज्यांच्या सभा अजून व्हायच्या आहेत त्या सेक्रेटरींना माझी विनंती आहे. मागच्या सभेचं इतिवृत्त वाचून झालं की लगेच तक्रारवही उघडा आणि सर्वांसमक्ष रेघा मोजा. दहा मिनिटांचं काम आहे.

आमचा फ्लोट बुधवारी बदलला, हजार रुपयांच्या आत काम झालं. फाटकाच्या रंगासाठी विशेष सभा बोलावली आहे.

– एक निवृत्त क्वालिटी इन्स्पेक्टर, वर्तकनगर, ठाणे